कागदावरची भावजय

या, जरा जवळ सरका. मृदंग अजून लागतो आहे, बुवांचं पागोटं अजून खुंटीवरच आहे, कीर्तनाला घटकाभर अवकाश आहे. तेवढ्यात एका बाईची गोष्ट सांगून होईल. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही, आकाशातून विमानही उतरत नाही. भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांतली, कामगारांच्या कॅम्पातल्या एका खोलीतली गोष्ट आहे. पांडुरंगाला ती ठाऊक आहेच. तुम्हीही ऐका.

सन त्रेसष्ट, आश्विनातला बुधवार, दुपार. गयाबाई दारात बसून सुपातले तांदूळ निवडत होती आणि कारखान्याचे एक बाबू सायकल भिंतीला टेकवून, कातडी पिशवीतून फाईल काढून, उभ्याउभ्याच पानं चाळत होते. माणूस सालस होता. घाम पुसून त्यांनी आधी झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, मग विचारलं, "बाई, तुम्ही मयताच्या कोण?"

"भावजय," गयाबाई म्हणाली.

"म्हणजे पत्नी नव्हतीच. फाईलमध्येही अविवाहित लिहिलंय." बाबूंनी पेन्सिलीनं एक खूण केली. "मग वारस आई. आजीला सोमवारी ऑफिसात घेऊन या, फंडाच्या फॉर्मवर अंगठा लागेल."

आतून, बाजेवरून, भागाबाईचा आवाज आला, "कोन हाय वं?" सासूला चार वर्षांपासून दिसत नव्हतं, त्यामुळं तिचे कान दारातच असत.

"कारखान्याचे बाबू हायेत, आत्या."

"च्या ठेवजो त्याइच्यासाठी."

"नको नको, आजी," बाबू म्हणाले. गयाबाईच्या कोऱ्या कपाळाकडं, रिकाम्या मनगटांकडं एकदा बघून त्यांनी विचारलं, "तुमचे यजमान?"

"लढाईत गेले. चव्वेचाळीस सालात. बर्म्यात."

"पेन्शन?"

"भेटते."

"चला. म्हणजे दोघींची सोय आहे," असं म्हणून, खरोखरच बरं वाटल्यासारखं हसून, बाबू सायकलवर बसले आणि गेले.

तांदळात खडा दिसत होता, पण बोट त्याच्यापर्यंत जात नव्हतं. सोय आहे. तेजराम जाऊन बावीस दिवस झाले होते, तेरवी झाली होती, आणि तो गयाबाईचा नवरा होता. सतरा वर्षांचा नवरा. भिलाईत ही गोष्ट फक्त दोघींना ठाऊक होती, एक ती आणि एक बाजेवरची म्हातारी. आणि कोणी विचारलं तर गयाबाईचं तोंड तिला न विचारताच उत्तर देत होतं. धुरकरी झोपला तरी बैल गाडी घरी नेतात, तसं त्या तोंडाला वळण लागलं होतं. भाऊजी म्हणायचं. पदर पुढं घ्यायचा, पण भावजयीनं घ्यावा तेवढाच. हापशीवर बायकांनी 'तुया दीर मोठा गरीब हाय वं' म्हटलं की हो म्हणून हंडा उचलायचा. सहा वर्षं हे केलं ते तो जिवंत होता म्हणून, दोघांनी मिळून ठरवलं होतं म्हणून. आता तो नव्हता, आणि शब्द मात्र पूर्वीसारखाच, गुळगुळीत, विनासायास निघाला होता. बाबूंच्या पेन्सिलीची खूण तिला फाईलवर नाही, कुठंतरी स्वतःच्या छातीवर झाल्यासारखी वाटत होती. तिनं सूप ठेवलं, घासलेटाची बाटली घेतली. "पावर हाउसच्या बाजारात जाऊन येतो, आत्या." घासलेट होतं. म्हातारीला वासावरून ते कळलं असणार.

चालत राहिलं तर डोकं थांबेल असं तिला वाटलं होतं. थांबेना. दोनचा भोंगा झाला आणि पाळी सुटलेल्या माणसांच्या सायकली रस्ताभर वाहत आल्या, लाल धुळीनं भुवया रंगलेली माणसं, डब्यांचा खणखणाट, कोणी छत्तीसगढीत, कोणी तेलुगूत, कोणी आपल्या भंडाऱ्याकडच्या बोलीत ओरडत जाणारी. आणि त्या गर्दीत तिला पुन्हापुन्हा एक डावा खांदा दिसत होता, किंचित उतरलेला. तेजराम खलाशी होता, दोरखंड आणि चेन-पुली खांद्यावर वाहणारा. त्या खांद्याला घट्टा पडला होता, आणि अंघोळीनंतर तो घट्टा ती तेल लावून चोळायची, दार लावून, आवाज न करता, चोरी करावी तशी. स्वतःच्या नवऱ्याचा खांदा. एकदा त्यानं तिला इथूनच, याच वळणावरून, बोट करून दाखवलं होतं, "ते पाहा वहिनी, ते तिसरं धुराडं. त्याचा पहिला पत्रा आमच्या ग्यांगनं चढवला." शेजारून माणसं जात होती म्हणून 'वहिनी'. पण आवाजात जे होतं ते वहिनीसाठी नव्हतं, आणि तिनं धुराड्याकडं न बघता त्याच्याकडं बघितलं होतं, भावजयीनं बघू नये इतका वेळ. आता धुराडं धूर सोडत उभं होतं. त्याला कोणी विचारणार नव्हतं, तू कोण आणि तुझा पहिला पत्रा कोणी चढवला.

सहा वर्षांपूर्वी गोंदियाहून गाडीत बसले तेव्हा तिच्या हातात बांगड्या होत्या. हिरव्या, पाटाच्या. पाट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तरुण विधवेला पुन्हा घर देण्याची जुनी रीत. तिचा पहिला नवरा देवीदास, तेजरामचा सख्खा मोठा भाऊ, लढाईच्या भरतीत पायोनियर कंपनीत गेला, रस्ते बांधायला, आणि बर्म्याकडच्या डोंगरात राहिला. त्याचा चेहरा तिला आता आठवायचा नाही; आठवायची ती त्याच्या पाठीवरची पिशवी, तिचा एक बंद तुटका. घरात विधवा सून वीस वर्षांची, दीर एकोणीस वर्षांचा. भागाबाईनं पंचांना बोलावलं. लग्नाला मांडव, हळद, वाजंत्री, अक्षता, सगळं असतं. पाटाला यातलं काही नसतं. दिवस मावळल्यावर मागच्या खोलीत, चार म्हातारी माणसं, एक विधवा बांगड्या भरायला, आणि सकाळी सवाष्णीनं पहिलं तोंड बघू नये म्हणून नवरीनं आतच थांबायचं. एवढंच. त्या रात्री तेजराम घोंगडीच्या एका टोकावर बसून राहिला आणि म्हणाला, "मी तुले काय म्हनू?" ती म्हणाली, "काई नोको म्हनू." आणि खरंच बरेच दिवस ते एकमेकांना काहीच म्हणत नव्हते, त्या न म्हणण्यातच संसार झाला. एक मुलगी झाली, सव्वा महिन्याची होऊन गेली. तिचा कुठं कागद झाला नाही.

आणि कागद दरवर्षी यायचा. सरकारचा. विधवा हयात आहे आणि तिनं पुनर्विवाह केलेला नाही, खाली तिचा अंगठा, बाजूला पाटलाची सही. पाटील सही करायचे, सासू मान हलवायची, गावात कोणाच्या मनातही आलं नाही की आपण खोटं लिहून देतो आहोत. लग्न जन्मात एकदा होतं, मांडवात. पाट म्हणजे काय लग्न असतं? मग सत्तावन्न साली, तेजरामचं भिलाईला यायचं ठरत होतं तेव्हा, लाखनीच्या बाजारात कोणीतरी सांगितलं, पलीकडच्या गावच्या एका शिपायाच्या बाईनं पाट लावला आणि तिची पेन्शन बंद झाली. तेवढंच ऐकून तेजराम घरी आला. तिनं पाट कोणाशी लावला, घरात की परक्याशी, हे ना त्यानं विचारलं ना सांगणाऱ्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी तिघं चुलीपाशी बसली. पिकाचा भरवसा नाही, कारखान्याचं काम कच्चं, आज आहे उद्या नाही; पेन्शन तेवढी महिन्याच्या महिन्याला येणारी. "तिकडं आपल्याले कोन वळखते?" तेजराम म्हणाला. "भावजय हाय म्हनू." हसत म्हणाला. गयाबाईही हसली होती.

दरेकशाचा बोगदा आला तेव्हा डब्यात अंधार झाला, बायका पोरांना पोटाशी घेऊन रामराम म्हणू लागल्या, आणि त्या अंधारात तिनं मनगटं चेपून बांगड्या एकेक काढल्या. फोडल्या नाहीत. नवरा समोर बसलेला असताना कोण फोडील? चार निघाल्या, एक तुटली, थोडं रक्त आलं. बोगदा संपला तेव्हा तिचं कपाळ पुसलेलं होतं. तेजराम खिडकीबाहेर बघत होता. दुर्ग येईपर्यंत त्यानं मान आत वळवली नाही. आणि आता, बावीस दिवसांपूर्वी, त्याला नेलं तेव्हा शेजारच्या बायका जमल्या, म्हातारीला धरून बसल्या, पोटचा गेला ना तिचा. गयाबाईनं चूल सांभाळली, येणाऱ्यांना पाणी दिलं. तिच्या हातात फोडायला काही नव्हतं. भावजयीनं रडावं तेवढी ती रडली. जरा जास्त रडली असती तर लोकांनी बघितलं असतं.

पावर हाउसच्या बाजारात ती पोचली, घासलेटवाल्यानं बाटली हातात घेऊन म्हटलं, "बाई, ये तो भरी है." ती म्हणाली, हो. आणि परत फिरली.

रात्रीपेक्षा दिवसच आता वाईट जात होते. भांडं घासताना, फुंकणीनं चूल फुंकताना, अचानक दवाखान्यातली ती खाट समोर यायची. कावीळ झाली होती त्याला, डोळे हळदीसारखे. नर्सबाई चांगली होती, मल्याळी, मोडक्या हिंदीत बोलायची. "रात को एक आदमी रुक सकता है. वाइफ है?" गयाबाई खाटेजवळ उभी होती. तेजरामनं तिच्याकडं बघितलं. तिनं त्याच्याकडं. त्याच्या नजरेत त्या वेळी नेमकं काय होतं? 'सांग' होतं की 'नको सांगू' होतं? बावीस दिवस ती ती नजर उलटीपालटी करून बघत होती, शिवण उसवून बघावी तशी, आणि कधी एक निघायचं, कधी दुसरं. ती म्हणाली, "भाभी हूँ." मग रात्री केवलराम थांबला, शेजारच्या खोलीतला, त्याच्याच ग्यांगमधला. पहाटे तोच निरोप घेऊन आला. नर्सबाईनं विचारलं होतं, नियमानंच विचारलं होतं. बाहेर पाठवलं ते कोणी नाही, तिच्या स्वतःच्या तोंडानं.

आणि ती एकादशी. कॅम्पातली मराठी माणसं हापशीजवळच्या मोकळ्या जागेत ताडपत्री बांधून कीर्तन करायची, चरोद्याहून रेल्वेवाल्यांची बिऱ्हाडं यायची, तेजराम टाळ धरायचा. डोळे मिटून टाळ वाजवताना तो देवीदाससारखा दिसतो असं म्हातारी, तिला दिसत होतं तेव्हा, म्हणायची. त्या दिवशी कीर्तन संपल्यावर बुवा म्हणाले, "आरतीला एक जोडपं पुढं या, बाबांनो." आणि तेजरामचे गुडघे उचलले गेले. टाळ मांडीवरून घसरून वाजला. तो अर्धा उठला, बायकांच्या बाजूला बघितलं. गयाबाईनं मान खाली घातली. चरोद्याचं एक जोडपं उठलं, त्याच्या हाती तबक दिलं गेलं. घरी आल्यावर तो बराच वेळ पाय धूत राहिला. "बुवा मायाकडंच पाहत होते, वहिनी." ती चिडून म्हणाली होती, "घरात तरी वहिनी म्हनू नोका." त्यावर तो काय म्हणाला? "घरात सोडलं तं भाएर तोंड चुकन ना." असं म्हणाला. आणि त्यानंतर घरातही तेच. अंधारातही तेच. देवासमोर एक जोडपं बसून राहिलं आणि दुसऱ्यानं आरती केली, याचा दोष कोणाच्या नावावर लिहिला असेल पांडुरंगानं? कागद तर त्याच्याकडंही असतील.

गुरुवारी सकाळी, म्हातारीचे केस विंचरता विंचरता, ती म्हणाली, "आत्या, शनवारी दुर्गाले जा लागते. सोल्जर बोर्डात. सालाचा कागद."

"जाय ना मंग. केवलरामले संगं ने."

"मी सांगतो म्हनतो तेथं."

"का सांगतं?"

"पाटाचं."

भागाबाईनं डोकं झटकन पुढं घेतलं, फणी केसात अडकली. "येड लागलं का वं तुले? पेन्शन बंद करतीन!"

"करूद्या."

"करूद्या! खाशीन का, मांडवाचे पानं? पाय, मी सांगतो तुले." म्हातारीनं बोटं पसरली, न दिसणाऱ्या डोळ्यांपुढं धरली. "माये दोन पोरं गेले. मोठ्याचं तुले भेटते, लहान्याचं मले भेटून राहिलं. एक आंगठा तुया, एक आंगठा माया. दोघी बसून खाऊ. तू तोंड उघडशीन तं मोठ्याचं जाईन, आन् लहान्याचं मले भेटाचं तेही अडन. आन् भेटन का तुले त्याच्यातून? तो येईन का वापस?"

"नाई."

"मंग?"

अडकलेली फणी गयाबाई हळूहळू सोडवत राहिली. म्हातारीचं सगळं बरोबर होतं. एक एक गोष्ट तपासून बघितली तरी बरोबर होती. गप्प बसलं तर दोन्ही कागद मिळत होते, बोललं तर दोन्ही जाणार होते, आणि बोलून हाती लागणार काय, तर एका मेलेल्या माणसाच्या फाईलीत 'अविवाहित' शब्दावर एक रेघ. एवढ्यासाठी एका आंधळ्या म्हातारीच्या ताटातला घास काढायचा? हा मोठेपणा कोणासाठी? बुवा म्हणतात, खरं बोललं की देव पाठीशी उभा राहतो. पण देव तांदूळ आणून देतो असं काही बुवा म्हणालेले तिला आठवत नव्हतं.

"अविवाहित लिवलं हाय त्याइनं, आत्या," ती शेवटी म्हणाली. "म्हंजे त्याले कोनीच नव्हतं असं झालं. वळूसारखा आला आन् गेला."

वेणी घालून झाल्यावर म्हातारीनं हात मागं नेऊन चाचपडत गयाबाईचा गुडघा धरला. "मीच लावला होता ना वं तुमचा पाट," एवढंच म्हणाली. हो की नाही, ते त्यात नव्हतं.

शनिवारी दुर्गाच्या गाडीत केवलराम खिडकीशी बसून बोलत राहिला. बोलल्याशिवाय त्याला करमायचं नाही, आणि त्याला वाटत होतं की तो वहिनीचं मन रमवतो आहे. "काय सांगू वहिनी, किती मागं लागलो मी त्याच्या. म्हटलं, कर बे लग्न, बुढ्ढा होऊन राहिला. चरोद्याची एक पोरगी दाखवली, गार्डाच्या सालीची. गोरी. बाप्पा, हा तिच्याकडं पाहेच ना! म्हने, पोहे चांगले झाले." तो हसला, मग हसू पुसून म्हणाला, "काय होतं त्याच्या मनात, कोनाले मालूम." गयाबाई खिडकीबाहेर बघत होती. पोहे चांगले झाले. त्या दिवशी घरी येऊन त्यानं तिला सांगितलं होतं, पोह्यांत शेंगदाणे होते, आपल्या घरी कधी टाकत नाहीत. तेवढंच सांगितलं होतं. वर येणारं हसू अडवायला तिनं ओठ दाबून धरले.

सोल्जर बोर्डाची खोली लहान होती. टेबलामागं सुभेदार शामराव बसले होते. नागपूरकडचे, पांढऱ्या मिशांचे, एक पाय ताठ, तो टेबलाबाहेर सरळ काढून ठेवलेला. लढाईतल्या माणसांच्या विधवा आणि म्हातारे शिपाई यांचे कागद वर्षानुवर्षं याच हातांतून जात होते. त्यांनी कार्ड बघितलं, चष्मा लावला, आणि सवयीच्या आवाजात वाचलं, "विधवा हयात. ती तर दिसतेच आहे. विधवेनं पुनर्विवाह केलेला नाही. बरोबर?" शाईची गादी त्यांनी पुढं सरकवलीसुद्धा.

तिनं अंगठा उचलला. गादीच्या वर, बोटभर अंतरावर, तो थांबला. तिला वाटलं आताही तोंड आपलं आपण बोलेल, हो जी म्हणेल, अंगठा खाली जाईल, आणि आपण गाडीत बसून घरी जाऊ. तिनं वाट पाहिली. तोंड बोललं नाही. पहिल्यांदाच ते तिच्यासाठी थांबलं होतं.

"नाई जी," ती म्हणाली. "बरोबर नाई. पाट लावला हाय मी."

पाठीमागं केवलरामच्या चपलांचा आवाज झाला.

"केव्हा?"

"सेहेचाळीस सालात."

"कोणाशी?"

"घरातच. मालकाच्या लहान भावासंगं."

"सख्ख्या?"

"एका मायचे दोघं."

"कुठं आहेत ते?"

"गेले. पंचवीस दिवस झाले आज."

सुभेदारांनी चष्मा काढला. मग पुन्हा लावला, मागच्या कपाटातून कडा फाटलेलं एक जाड पुस्तक काढलं आणि बराच वेळ बोट फिरवत राहिले. "सासू आहे?"

"हाय."

"कोणाजवळ?"

"मायाजवळ."

"पहिल्यापासून? पाटानंतर घर वेगळं नाही केलं?"

"नाई जी. एकच चूल."

सुभेदारांचं बोट एका ओळीवर थांबलं. "बाई, ऐका. परक्याशी लग्न केलं की पेन्शन बंद होते. पण विधवेनं मयताच्या सख्ख्या भावाशीच लग्न केलं, त्याच घरात राहिली, सासू-सासऱ्यांना सांभाळत राहिली, तर बंद करत नाहीत. कळवायला हवं होतं, एवढंच. मी वर लिहितो. निकाल तिकडून यायचा, पण माझ्या हातून असे दोन कागद गेले आणि दोन्ही मंजूर होऊन आले. त्याची नक्कल देतो, सोमवारी कारखान्यात दाखवा. काळजी करू नका."

तिला बरं वाटायला हवं होतं. ती बरं वाटायची वाट बघत होती. त्याऐवजी खोली एका बाजूला कलल्यासारखी झाली. "कवापासून हाय जी हा नेम?"

"जुना आहे."

"आमी भिलाईत आलो तवा होता?"

"होता."

होता. म्हणजे बोगद्यातून गाडी जात होती तेव्हाही होता, या पुस्तकात, या कपाटात, या ओळीत. हापशीवर होता, एकादशीला होता, नर्सबाईनं विचारलं तेव्हाही होता. कोणी काढून घेतलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. दार उघडंच होतं आणि ते दोघं सहा वर्षं भिंतीला पाठ लावून, श्वास धरून उभे राहिले होते. तिला राग आला, आणि राग कोणावर करायचा ते कळेना. बाजारातल्या त्या माणसावर, ज्यानं अर्धं सांगितलं, की तेजरामवर, ज्यानं अर्धं ऐकलं, की स्वतःवर, जी चुलीपाशी हसली होती.

"मंग आमाले कोनी सांगितलं कावून नाई?"

"तुम्ही विचारायला यायचं होतं, बाई. त्यासाठीच तर मी इथं बसतो."

"विचाराले आलो असतो तं सांगाच लागलं असतं ना जी."

ताठ पाय सुभेदार शामरावांनी हातानं उचलून थोडा आत घेतला. मग कोरा कागद ओढला, टाक दौतीत बुडवला, आणि लिहिता लिहिता, खाली बघतच, मृदू आवाजात म्हणाले, "दुसऱ्या यजमानांचं नाव सांगा."

आता ऐका. मोठी भावजय दिराला नावानं हाक मारते, त्यात काही वावगं नाही. गयाबाईनं ते नाव हजारदा घेतलं होतं. हापशीवरून, दारातून, चार बायकांच्या देखत, 'तेजराम भाऊजी, जेवाले या'. ती खबरदारीच होती त्यांची. पण नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. तिच्या आईनं घेतलं नव्हतं, सासूनं घेतलं नव्हतं. सुभेदारांचा टाक कागदावर टेकला होता, शाईचा थेंब मोठा होत होता, आणि ते रोजचं, जिभेवर घासून गेलेलं नाव ओठांबाहेर येईना. तिनं पदर पुढं ओढला, भुवयांच्याही खाली. मान घातली. कानांच्या पाळ्या तापल्या. चाळिशीला टेकलेली बाई, लाजली.

सुभेदारांनी वर पाहिलं, आणि त्यांना समजलं. त्यांनी टाक तिच्याकडून केवलरामकडं वळवला. "तुम्ही सांगा."

केवलराम पदराआडच्या त्या बाईकडं बघत होता. सहा वर्षांची शेजारीण, आणि आज पहिल्यांदा बघितल्यासारखी. त्याचे ओठ दोनदा हलले. मग त्यानं टोपी काढली आणि नाव सांगितलं, आणि ते कागदावर उतरलं, नवरा म्हणून, एकदाचं.

तिनं पुढं ते नाव कधीच घेतलं नाही. पाण्याला जाताना नाही, देवापाशी बसताना नाही. भागाबाई गेली त्यानंतर तर त्या घरात ते उच्चारणारं कोणी उरलं नाही. म्हणून तुमच्याकडं हे मागणं. आज देवाचं नाव घ्याल, टाळी वाजवून, गळा मोकळा करून घ्याल. त्याच्या मागोमाग, मनातल्या मनात का होईना, एकदा तेजरामचं नाव घ्या. त्याच्या बायकोला ते घेता येत नाही.